तीव्र ऑटिझम असलेलं लहान मूल घरात आहे, तर आधी काय करायचं (गोव्यातल्या आईबाबांसाठी)

हातात नुकताच रिपोर्ट पडलाय, त्यावर 'सिव्हिअर' लिहिलंय, आणि पोर दोन-तीन-चार वर्षांचं आहे, बोलत नाही, हाक मारली तर बघत नाही, दार उघडं दिसलं की सुसाट पळतं, रात्री दोनला उठून हसत बसतं, अशा घरांसाठी हे लिहितेय. माझा मुलगा असाच आहे, आता सात वर्षांचा, तोंडाने अजून बोलत नाही. मी डॉक्टर नाही, डिचोलीतली एक आई आहे, पण नवीन आईबाबा भेटतात तेव्हा सगळे पहिला प्रश्न एकच विचारतात, बोलेल कधी? तो प्रश्न मलाही होता आणि आहे. पण माझं मत आता पक्कं झालंय की क्रम वेगळा लावायला हवा: आधी जीव सुरक्षित, मग अंगातलं दुखणं आणि झोप, मग मागायला काहीतरी साधन, आणि बाकी सगळं त्याच्या मागून. या क्रमाने गेलात तर घर उभं राहतं, आणि घर उभं राहिलं तरच थेरपी चालते.

त्याआधी एक गोष्ट, कारण ही रात्री झोपू देत नाही. तुमच्यामुळे झालेलं नाही. आई कामाला जात होती म्हणून नाही, टीव्ही दाखवला म्हणून नाही, गरोदरपणात ग्रहण बघितलं म्हणून नाही. ऑटिझम मेंदूच्या वाढीतला फरक आहे आणि त्यात जनुकांचा वाटा मोठा आहे. लसीमुळे होतं असं सांगणारा 1998 चा पेपर तो छापणाऱ्या लॅन्सेट या मेडिकल जर्नलनेच 2010 मध्ये मागे घेतला, तेव्हा बाळाच्या राहिलेल्या लशी देऊन टाका. घरात सासू-सून एकमेकींकडे बोट दाखवत बसल्या तर त्यात मुलाचे महिने जातात.

रिपोर्ट आणि पहिली धावपळ

कानाची टेस्ट झालीये का बघा. बेरा म्हणतात तिला, मूल झोपेत असताना करतात. हाकेला ओ न देणारं मूल ऐकत नसेल हीसुद्धा शक्यता असते, ती आधी काढून टाकायची. मग डेव्हलपमेंटल तपासणी. आपल्याकडे बांबोळीला जीएमसीचा बालरोग विभाग आहे, त्याच परिसरात आयपीएचबी ही मानसोपचाराची सरकारी संस्था आहे, म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा हॉस्पिटलांतून लहान मुलांच्या तपासणीची सोय आहे, शिवाय अंगणवाडीत-शाळेत आरबीएसकेची, म्हणजे मुलांच्या सरकारी आरोग्य तपासणीची टीम येते ती पुढे पाठवते. सरकारी कागदासाठी जी मोजणी होते तिला इसा म्हणतात, त्यात 40 मुद्दे असतात, प्रत्येकाला 1 ते 5 मार्क, बेरीज 70 किंवा वर गेली की ऑटिझम, 153 च्या वर गेली की तीव्र. त्या आकड्याकडे बघून रडू येतं, येऊ दे, पण तो आकडा आजचा आहे आणि कागदपत्रांना लागतो एवढंच त्याचं काम. मूल पुढे काय शिकेल ते त्यात लिहिलेलं नसतं.

थेरपीचा नंबर यायला वेळ लागतो आणि तोवर काहीच करायचं नाही असं बरेच जण धरून बसतात. तसं नका करू. गोव्यातच झालेलं एक काम सांगते: संगाथ या पर्वरीच्या संस्थेने इथे आणि तिकडे रावळपिंडीत एकाच वेळी पास नावाचा अभ्यास केला, तो 2016 मध्ये लॅन्सेट सायकिॲट्रीत छापून आला. त्यात स्पेशालिस्ट नव्हते, ट्रेनिंग दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते घरी जाऊन आईबाबांना शिकवत होते. आई-मुलाच्या खेळाचा व्हिडिओ काढायचा, मग आईबरोबर बसून तो बघायचा, इथे त्याने तुमच्याकडे बघितलं, इथे तुम्ही थांबलात म्हणून त्याने हात पुढे केला, असं दाखवायचं. निकाल असा की आईबाबा मुलाच्या इशाऱ्यांना जास्त चांगला प्रतिसाद द्यायला लागले आणि मुलं स्वतःहून जास्त वेळा संपर्क करायला लागली. म्हणजे घरचं माणूस काही करू शकतं हे आपल्याच मातीत तपासलं गेलंय.

करायचं कसं, तर मुलासमोर जमिनीवर बसा, तोंडासमोर तोंड. तो गाडीचं चाक फिरवतोय ना, फिरवू दे, हातातून काढून घेऊन 'अशी चालव' म्हणायचं नाही. तुम्हीही एक चाक फिरवा. एकच शब्द बोला, 'गोल', आणि गप्प बसा. दहा सेकंद गप्प बसणं फार कठीण जातं आपल्याला, प्रश्नावर प्रश्न सुटतात तोंडातून, हे काय, कुठला कलर, सांग बघू. ते बंद. त्याने एकदा नजर वळवली की लगेच हसून परत 'गोल'. दिवसातून दोनदा, दहा-पंधरा मिनिटं, मोबाईल दुसऱ्या खोलीत.

दारं आणि पाणी

खरं तर हे रिपोर्ट यायच्या आधीच करायचं काम आहे. आपली मुलं पळतात, आणि यातल्या बऱ्याच मुलांना पाण्याची भारी ओढ असते, धोका कळत नाही. पळून जाणाऱ्या ऑटिस्टिक मुलांच्या मृत्यूचं एक मोठं कारण बुडणं आहे. आणि आपण राहतो कुठे? परसात विहीर, कुळागरात पाट आणि तळी, रस्त्यापलीकडे व्हाळ, पावसाळ्यात शेत भरलेलं, कुणाचं घर नदीला लागून. म्हणून आज संध्याकाळी हे करा: विहिरीवर लोखंडी जाळी आणि तिला कुलूप, कठडा उंच आहे म्हणून सोडू नका, मुलं चढतात. सगळ्या बाहेरच्या दारांना मुलाचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर कडी, आणि दाराला घंटी बांधा, देव्हाऱ्यातली छोटी घंटासुद्धा चालते, उघडलं की वाजली पाहिजे. गॅलरीला ग्रिल. न्हाणीत भरलेली बालदी-पिंप ठेवू नका, ठेवायचंच तर झाकण घट्ट. गाडीला चाइल्ड लॉक.

शेजाऱ्यांना सांगा. लाज वाटते, मला कळतं, पण वाड्यावरच्या प्रत्येक घराला माहीत असलं पाहिजे की हे पोर एकटं दिसलं तर हाक मारून उपयोग नाही, हात धरून घरी आणायचं. कोपऱ्यावरचा गाडेवाला, बस स्टॉपवरची माणसं, फेरी जवळ असेल तर फेरीवाले, सगळ्यांना मुलाचा चेहरा दाखवून ठेवा. शर्टाच्या आत फोन नंबर शिवा, गळ्यातलं काढून टाकतात. आणि हरवलाच तर घरात पलंगाखाली शोधत बसू नका, एक माणूस घरात आणि बाकी सगळे थेट पाण्याकडे. 112 ला फोन लगेच, 'अर्धा तास बघूया' नाही.

माती, चुना, कापूस, कागद खाणारी मुलं असतात. अशी सवय दिसली तर डॉक्टरांना सांगून हिमोग्लोबिन आणि आयर्न तपासून घ्या, कधी कधी कमी असतं. जुना रंग, बटण सेल, लोहचुंबक, फिनेल, उंदराचं औषध हे घरातून हलवा. गॅसचा रेग्युलेटर प्रत्येक वेळी बंद.

दुखणं, झोप, पोट

जे मूल बोलत नाही ते 'कान दुखतो' म्हणू शकत नाही, ते भिंतीवर डोकं आपटतं. म्हणून नवीन वागणं एकदम सुरू झालं, चावणं, मारून घेणं, जेवण बंद, तर आधी शरीर तपासा: कान, घसा, दात, बद्धकोष्ठ, ॲसिडिटी, लघवीची जळजळ. 'ऑटिझममुळेच असणार' असं कुणी तपासल्याशिवाय म्हणालं तर हट्टाने तपासून घ्या. दातांसाठी बांबोळीलाच डेंटल कॉलेज आहे, तिथे पहिल्यांदा नुसतं खुर्ची बघायला न्या, दुसऱ्यांदा बसवायला, उपचार त्यानंतर.

बद्धकोष्ठ हे या घरांतलं सगळ्यात दुर्लक्षित दुखणं आहे असं मी म्हणेन. तीन-चार दिवस शी नाही, पोट टणक, मूल टाचा उचलून उभं राहतं आणि पाय घट्ट मिटतं. मग चड्डीत पातळ गळतं आणि आपण समजतो जुलाब. डॉक्टरांकडून मऊ करणारं औषध घ्या आणि सांगितलं तितके दिवस पूर्ण द्या, मधेच सोडू नका.

झोपेसाठी: उठायची वेळ रोज तीच, रात्र कशी का गेली असेना. सकाळी अंगणात ऊन. संध्याकाळी सातनंतर मोबाईल-टीव्ही बंद, मंद दिवा, न्हाणं, खोबरेल तेलाने पाय चोळणं, तीच चादर, तोच क्रम. एवढं करूनही महिनाभर जमलं नाही तर मेलाटोनिन या झोपेच्या औषधाबद्दल डॉक्टरांना विचारा, मेडिकलमधून स्वतः आणून देऊ नका.

ऑटिझम असलेल्या मुलांत फिट्सचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं. मूल मधेच थिजून एकटक बघतं, पापण्या फडफडतात, हाकेला नाही आणि हात लावला तरी नाही, असं दिसलं तर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा. मोठी फिट आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेली की 108.

जेवणाबद्दल सगळे सल्ला देतात, 'उपाशी ठेवा, खाईल बरोबर'. ही मुलं खरोखर उपाशी राहतात. हुमणाच्या वासाने ज्याला ओकारी येते त्याच्या ताटात बांगडा घालून काही होणार नाही. पेज खातो ना, पेज राहू दे, तिच्या बाजूला वेगळ्या वाटीत तळलेल्या बटाट्याची एक काचरी. खायची सक्ती नाही. काही दिवस नुसती बाजूला, मग ताटात, मग त्याने बोटाने उचलून परत टाकली तरी चालेल, मग ओठाला, मग जिभेला. एका पदार्थाला महिना लागू शकतो. पण एकूण तीन-चारच पदार्थ उरलेत किंवा वजन थांबलंय तर ते घरी सुटणारं नाही, डॉक्टर आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट (ओटी) दोघांना सांगा.

मागण्याचं साधन

आता बोलण्याकडे येऊया. तोंडातून शब्द येईपर्यंत मुलाने काय करायचं? हात ओढून फ्रिजकडे न्यायचं, किंचाळायचं, चावायचं. त्याला दुसरं काही दिलेलंच नसतं आपण. चित्र द्या. चित्राने बोलायची सवय लागली तर तोंडाने बोलणार नाही अशी भीती प्रत्येक आजीला वाटते, पण अभ्यासांत तसं दिसलेलं नाही, उलट काही मुलांत शब्द वाढलेले दिसतात.

आमच्याकडे सुरुवात उंड्याने झाली, कारण सकाळी पोदेराचा पोंप वाजला की हा दाराशी. त्याच उंड्याचा मोबाईलवर फोटो काढला, तळहाताएवढा प्रिंट करून लॅमिनेट. मोठी माणसं दोन लागतात. मी समोर उंडा घेऊन बसायची, काही न बोलता. त्याचा बाबा त्याच्या पाठीमागे. मुलाने उंड्याकडे हात टाकला की पाठीमागून बाबा तोंडातून अवाक्षर न काढता तो हात फोटोवर नेणार, उचलायला लावणार, माझ्या तळहातावर ठेवायला लावणार. फोटो हातात पडला त्याच क्षणी मी 'उंडा!' म्हणणार आणि तुकडा देणार. छोटा तुकडा, नखाएवढा, म्हणजे एका उंड्यात पुष्कळ वेळा करता येतं. पाठीमागचा हात हळूहळू ढिला करत जायचा. ज्या दिवशी तो फोटो स्वतः उचलून आणून देतो तो दिवस विसरत नाही कुणी. त्यानंतर फोटो जरा लांब ठेवायचा, मग दोन फोटो, उंडा आणि चमचा, निवडायला. 'देतोस का बघू, फोटो दे, दे ना' असं तोंडाने सांगत राहिलात तर मूल तुमच्या सांगण्याची वाट बघायला शिकतं, म्हणून गप्प राहणं या सगळ्यात महत्त्वाचं.

खाण्याच्या दोन-तीन गोष्टी जमल्या की लगेच 'नको', 'बास', 'दुखतंय' आणि 'संडास' यांची चित्रं आणा. 'नको' दाखवलं आणि आपण ऐकलं, तर चावणं कमी होतं. ऐकायचं मात्र खरोखर, दाखवलं तरी घास कोंबला तर ते चित्र मेलं. पुढे टॅबवर बोलणारी ॲप आहेत, आवाज नावाचं भारतातच बनलेलं आहे, पण आधी कागदावर सवय होऊ दे.

भाषेचं पण सांगते कारण इथे हा गोंधळ घराघरात आहे. घरी कोकणी-मराठी, थेरपिस्ट इंग्लिशमध्ये, शाळा तिसऱ्यात, आणि कुणीतरी सांगतं की एकच भाषा ठेवा, इंग्लिशच ठेवा. दोन भाषा ऐकल्याने ऑटिझम असलेल्या मुलाचं नुकसान होतं असं अभ्यासांत आढळलेलं नाही. आजी ज्या भाषेत लाड करते ती भाषा काढून घेऊ नका. थेरपिस्टलाच सांगा की आम्ही घरी 'उदक' म्हणतो किंवा 'पाणी' म्हणतो, तुम्हीही तेच म्हणा.

दिवस कसा लावायचा

सगळा दिवस चित्रांत लावायची गरज नाही, जिथे रोज भांडण होतं तिथे लावा. बहुतेक घरांत ते न्हाणं, कपडे आणि बाहेर निघणं असतं. तीन फोटो एका पट्टीवर, न्हाणी, टॉवेल, झोपाळा, झालं की एकेक काढून डब्यात. शेवटी आवडीची गोष्ट असलीच पाहिजे.

टॉयलेटचं घाईने सुरू करू नका, आधी पोट साफ होऊ दे. मग चार-पाच दिवस फक्त वेळ लिहा, चड्डी कधी ओली झाली. वेळा दिसायला लागतात. त्या वेळेच्या पाच मिनिटं आधी नेऊन बसवा, दोन-तीन मिनिटं, जास्त नाही, झालं तर लगेच आवडीचा तुकडा, नाही झालं तर काही न बोलता उठवा. फ्लशच्या आवाजाला घाबरतात, तो मूल बाहेर गेल्यावर ओढा. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट द्या. मूल पाच-सहा वर्षांचं होईपर्यंत वेळ लागला तरी हिंमत सोडू नका.

डोकं आपटणं, चावणं, मेल्टडाऊन

मेल्टडाऊन म्हणजे मुलाला सगळं असह्य होऊन त्याचा ताबा सुटणं, त्या क्षणी शिकवायचं काही नसतं. आवाज कमी, लाइट कमी, माणसं बाहेर, आणि तुम्ही कमी बोला. डोक्यामागे उशी किंवा तुमचा हात, धारदार वस्तू बाजूला. जीवाला धोका नसेल तर दाबून धरू नका. मारून तर काहीच साधत नाही, मूल आणखी घाबरतं आणि पुढच्या वेळी जास्त जोरात करतं.

शांत झाल्यावर वही काढा, तीन रकाने: आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर आपण काय केलं. पंधरा दिवसांत काहीतरी दिसतं. समजा रोज संध्याकाळी हात चावतो, आणि वहीत दिसतं की प्रत्येक वेळी आधी मिक्सर चालू झाला होता, तर मिक्सर तो अंगणात असताना लावा, किंवा कानावर हेडफोन द्या. बहुतेक वागण्यामागे चारपैकी एक कारण सापडतं: काहीतरी हवंय, कशापासून तरी सुटका हवीये, तुमचं लक्ष हवंय, किंवा अंगाला ती संवेदना हवीये. कारण कळल्याशिवाय उपाय लागू पडत नाही. सुटका हवी म्हणून चावत असेल आणि तुम्ही शिक्षा म्हणून खोलीत एकटं बसवलंत, तर त्याला पाहिजे तेच मिळालं.

एवढं करूनही स्वतःला जखमा करत असेल तर औषधाचा विचार लाजण्यासारखा नाही. रिस्पेरिडोन, अरिपिप्राझोल ही औषधं चिडचिड आणि मारणं कमी करायला देतात, ऑटिझम बरा करायला नाही. वजन वाढतं, म्हणून वजन आणि रक्ताची तपासणी होत राहिली पाहिजे, आणि अचानक बंद करायची नाहीत. हे सायकिॲट्रिस्टच्याच हातून.

चवथ, नरकासुर आणि बाकी आवाज

सण चुकवता येत नाहीत आणि चुकवू नयेत असं मला वाटतं, पण बेत आधी आखायचा. दुसऱ्यांकडे गणपतीला आरती संपल्यावर जा, घुमटं वाजतायत तेव्हा नाही. घरच्या माटोळीत काही रानफळं खायची नसतात, आणि काहीही तोंडात घालणारं पोर असेल तर ती उंच आणि घट्ट बांधा. आमच्याकडे सोप्यात त्याच्यासाठी वेगळी दोरी असते, हाताला येईल अशी, तिला काकडी, आंब्याची पानं आणि दोन केळी बांधलेली, तिच्याशी खेळत राहतो आणि खरीकडे बघत नाही.

नरकासुराची रात्र सगळ्यात वाईट, पहाटेपर्यंत स्पीकर. शक्य असेल तर त्या रात्रीपुरतं जिथे स्पर्धा नसते अशा गावातल्या नातेवाइकाकडे जा. कानावर लावायचे इअरमफ त्याच रात्री पहिल्यांदा काढलेत तर फेकून देईल, गणपतीपासूनच रोज एक-दोन मिनिटं आवडीच्या गोष्टीबरोबर घालायची सवय लावा. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर लावायला कायद्याने बंदी आहे, सणासाठी सूट द्यायची असेल तर ती सरकारने जाहीर केलेल्या ठराविक दिवशी आणि मध्यरात्रीपर्यंतच, म्हणून 112 वर तक्रार करायचा तुम्हाला हक्क आहे. पण मंडळाच्या पोरांना चार दिवस आधी भेटून सांगितलेलं जास्त उपयोगी पडतं, स्पीकरचं तोंड फिरवतात बिचारे. जूनमधल्या गडगडाटासाठी आणि लाइट जाते त्यासाठी चार्जिंगचा पंखा आणि दिवा मुलाच्या खोलीत.

कागद

कंटाळवाणं आहे पण एकदा केलं की सुटलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, 40 टक्के किंवा वर असेल तर बहुतेक सवलती लागू होतात. स्वावलंबन पोर्टलवर युडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग दाखला आणि ओळखपत्राचा अर्ज करा, आधार, फोटो, पत्ता, रिपोर्ट लागतात, मग मेडिकल बोर्डाची तारीख येते. बोर्डाला जाताना खाऊ, टॅब, इअरमफ आणि एक जादा माणूस न्या, रांगेत एकाने उभं राहायचं आणि एकाने मुलाला बाहेर झाडाखाली फिरवायचं. लहान वयात दाखला बहुधा तात्पुरता मिळतो, संपायची तारीख कॅलेंडरवर लिहा.

तो मिळाला की समाज कल्याण खात्याची दयानंद सामाजिक सुरक्षा योजना, दर महिन्याला रक्कम मिळते. नॅशनल ट्रस्टचा निरामय आरोग्य विमा, 1 लाखापर्यंत, त्यात ओपीडी आणि थेरपीसुद्धा धरतात, आधीपासून आजार आहे म्हणून नाकारत नाहीत. थेरपीची प्रत्येक पावती सांभाळा. इन्कम टॅक्स जुन्या पद्धतीने भरत असाल तर 80डीडी खाली 75,000, आणि 80 टक्के किंवा वर असेल तर 1,25,000 ची वजावट आहे. काही अडलं, कुणी हक्क नाकारला, तर पणजीत राज्य दिव्यांग आयुक्तांचं ऑफिस आहे, लेखी द्या.

शाळेसाठी: 6 ते 18 वयापर्यंत फुकट शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा स्पेशल शाळेत, निवड तुमची. पर्वरीला संजय स्कूल, फोंड्याकडे लोकविश्वास प्रतिष्ठान, डिचोलीत केशव सेवा साधना, अशा शाळा आहेत, स्वतः जाऊन बघा. आणि बघताना इमारत नको, हे विचारा: गेट बंद असतं का, संडासला कोण नेतं, मारलं-चावलं तर तुम्ही काय करता, मी मधेच न सांगता आले तर चालेल का. थेरपिस्टलाही तेच. दार लावून आत काय करतात ते आईला दाखवत नसतील तर दुसरा शोधा, कारण आठवड्याच्या दोन तासांनी काही होत नाही, ते घरी आपल्याला करता आलं पाहिजे.

'बरा करतो' म्हणणारे

फोन नंबर कसा मिळतो देव जाणे, पण येतात. स्टेम सेलसाठी लाखो रुपये मागतात, नॅशनल मेडिकल कमिशनने 2022 मध्येच ऑटिझमसाठी स्टेम सेल नको असं सांगितलंय. अंगातले धातू काढतो म्हणणारं चिलेशन धोक्याचं आहे. गहू-दूध बंद करायला सांगतात, त्याला भक्कम पुरावा नाही आणि आधीच चार पदार्थ खाणाऱ्या पोराचे दोन जातात. दागिने गहाण टाकायच्या आधी एवढंच विचारा: हे कुठल्या अभ्यासात तपासलंय, आणि लेखी द्याल का.

देवाचं वेगळं. कौल लावा, प्रसाद घ्या, दृष्ट काढा, त्याने आजीला बळ येतं आणि आपल्यालाही येतं. पण धुरी देणं, उपास घडवणं, मारणं, चालू औषध बंद करणं सांगितलं तर तिथून उठायचं.

घरची माणसं आणि तुम्ही

इथे कितीतरी घरांत बाबा बोटीवर किंवा गल्फात असतो आणि सगळं आईवर पडतं. तसं असेल तर आठवड्याचे दोन ठराविक तास कुणीतरी दुसऱ्याने मुलाला घ्यायचेच, मामा, आत्या, कुणीही, आणि त्या दोन तासांत तुम्ही कपडे धुवायचे नाहीत, झोपायचं. बाबाला व्हिडिओ कॉलवर नुसता मुलाचा चेहरा दाखवू नका, त्याला काम द्या, निरामयचा फॉर्म भर, स्पेशल शाळांना फोन कर, ते बोटीवरूनही होतं. दुसरं मूल असेल तर त्याला सरळ सांगा काय आहे, त्याची खेळणी कुलपात ठेवायला जागा द्या, आणि रोज थोडा वेळ फक्त त्याचा. मन फारच खचलं, नको नको ते विचार यायला लागले तर 14416 वर टेली मानसला फोन करा, फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

आणि एक काम याच आठवड्यात. एक कागद घ्या आणि मुलाबद्दल सगळं एका पानात लिहा: काय खातो, काय खात नाही, 'दुखतंय' कसं दाखवतो, कशाला घाबरतो, चिडला तर काय केल्यावर शांत होतो, औषधं आणि वेळा, फिट येते का, पाण्याकडे पळतो, डॉक्टरांचा नंबर, फाइल कुठे ठेवलीये. तुम्ही तापाने आडव्या पडलात किंवा अचानक हॉस्पिटलात जावं लागलं तर शेजारणीला काय करायचं ते त्या कागदावरून कळलं पाहिजे. एक प्रत फ्रिजवर, एक शाळेत, एक शेजारच्या घरी. दर सहा महिन्यांनी नवीन लिहा, आवडी बदलतात, आमच्याकडे गेल्या वेळी पेज होती, आता तिथे तवसोळी लिहिलीये.